बदली गडी

मराठीत ‘बदली’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या अनुभवांना पुरतो. नोकरदाराची बदली होते तेव्हा माणूस तोच राहतो, जागा पालटते. एखाद्याच्या जागी बदली माणूस येतो तेव्हा जागा तीच राहते आणि माणूस पालटतो. पहिल्या बदलीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते हे आपल्याला ठाऊक आहे. दुसरीकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. जो दुसऱ्याच्या जागी उभा केला जातो तो कोणत्या नात्याने उभा असतो, त्याला निवडणाऱ्याने काय पाहून निवडावे, आणि त्याने जे मिळवले ते कोणाचे, हे प्रश्न आपण व्यवस्थापनाचे समजून बाजूला ठेवतो. ते तसे नाहीत, हे खेळाच्या मैदानावर जितके उघड होते तितके क्वचितच कुठे होत असेल. कारण मैदानावर बदली गडी सर्वांच्या देखत येतो आणि प्रतिपक्ष त्याच्याकडे डोळे लावून बसलेला असतो.

३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांच्यात वीस षटकांचा सामना झाला. शिवम दुबे याने ५३ धावा केल्या. डावाच्या अखेरच्या षटकात चेंडू त्याच्या शिरस्त्राणावर आदळला. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी पूर्ण अधिकाराचा बदली खेळाडू घेण्याची मुभा आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये १ ऑगस्ट २०१९ पासून आहे. त्या मुभेनुसार दुबेच्या जागी हर्षित राणा आला, त्याने ३३ धावांत ३ बळी घेतले आणि भारताने सामना १५ धावांनी जिंकला. दुबे हा मुख्यतः फलंदाज, अधूनमधून मध्यमगती टाकणारा. राणा हा निखळ वेगवान गोलंदाज. इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर याने ही अदलाबदल सारख्याला सारखी नाही असे स्पष्ट म्हटले. चमूत रमणदीप सिंगसारखा दुबेच्या जातकुळीचा खेळाडू असताना राणा का, असेही टीकाकारांनी विचारले. निर्णय सामनाधिकाऱ्याचा होता आणि नियमानुसार तो अंतिम होता.

नियमाची भाषा काळजीपूर्वक वाचली तर तिच्यात एक पळवाट नव्हे, पण एक चतुर दृष्टी आढळते. जखमी खेळाडूने सामन्याच्या उरलेल्या भागात कोणते काम केले असते ते पाहावे, असे ती सांगते. दुबेची फलंदाजी संपली होती. उरले होते क्षेत्ररक्षण आणि झालीच तर गोलंदाजी. म्हणजे माणसातून त्याचे झालेले काम वजा करायचे, उरलेल्या कामाला एक नाव द्यायचे आणि त्या नावाचा दुसरा माणूस आणायचा. ‘गोलंदाजी’ हे नाव दोघांनाही लागू पडते. मात्र नाव सारखे असले म्हणून माणसे सारखी होत नाहीत, हे बटलरला पहिल्याच क्षणी कळले. तर्कशास्त्र न शिकलेल्यालाही ते कळले असते.

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार आपल्या परंपरेत कोणी केला असेल तर तो मीमांसकांनी. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायातील तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’ हा विषय येतो. यज्ञाला व्रीही हवेत आणि ते मिळत नाहीत. यज्ञ सोडून द्यावा की दुसरे काही घ्यावे? मीमांसकांचे उत्तर असे की घ्यावे, पण हाताला लागेल ते नव्हे. व्रीहींशी सर्वांत जास्त साम्य असलेले नीवार घ्यावेत. घेतलेला प्रतिनिधीही नष्ट झाला तर? तर त्या प्रतिनिधीसारखे काही शोधू नये, पुन्हा मूळ द्रव्यासारखेच शोधावे. हा दंडक वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्यात मोठा विवेक आहे. प्रत्येक वेळी आधीच्या प्रतिनिधीशी तुलना करीत गेलो तर दोन-चार पायऱ्यांत मूळ वस्तूशी काही संबंधच उरत नाही. संस्थांचे असेच होत जाते. एखाद्या जागी पहिल्या माणसानंतर त्याच्यासारखा, मग त्या दुसऱ्यासारखा, मग तिसऱ्यासारखा माणूस येत जातो, आणि ती जागा कशासाठी निर्माण झाली होती हे कोणालाच आठवेनासे होते.

मीमांसक आणखी पुढे जातात. देवतेला प्रतिनिधी नाही, अग्नीला नाही, मंत्राला नाही. यजमानालाही नाही, कारण फळ ज्याला मिळायचे त्याच्या जागी दुसरा बसवला तर यज्ञ कोणाचा हेच सांगता येणार नाही. याला एक अपवाद आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळे मर्म त्यातच आहे. ‘सत्र’ नावाच्या दीर्घ यज्ञात यजमान एक नसतो; किमान सतरा जण मिळून तो करतात, आणि तेच ऋत्विजही असतात. त्यांतला एखादा मध्येच मरण पावला तर संख्या उणी पडते आणि सगळ्यांचेच कर्म बिघडते. तेथे मात्र दुसरा माणूस घेण्याची अनुज्ञा आहे. त्या आगंतुकाने मूळ यजमानाची सगळी व्रते पाळायची, सगळे नियम सोसायचे. पण यज्ञाचे फळ त्याला नाही. तो संख्या पुरी करायला आला आहे, स्वामी म्हणून नव्हे.

खेळाचा संघ म्हणजे असे सत्रच नाही का? अकरा जण मिळून करतात, प्रत्येक जण एकाच वेळी राबणारा आणि मालक, आणि एक पडला की बाकीच्या दहांचेही उणे होते. क्रिकेटच्या जुन्या नियमांनी बदली गड्याला नेमके सत्रातल्या आगंतुकासारखे वागवले. त्याने धावावे, चेंडू अडवावा, झेल घ्यावा. फलंदाजी नाही, गोलंदाजी नाही. धावफलकावर झेलापुढे बहुधा त्याचे नावही नसे, ‘बदली’ एवढाच शब्द असे. २०१७ च्या नियमावलीने पंचांच्या संमतीने यष्टिरक्षण करण्याची मोकळीक दिली, एवढेच. जुलै २०२५ मध्ये मँचेस्टरला ऋषभ पंतच्या पायाचे हाड मोडले तेव्हा ध्रुव जुरेल यष्टीमागे उभा राहिला, पण फलंदाजीला मोडक्या पायाने पंतच लंगडत उतरला. पुढच्याच ओव्हल कसोटीत इंग्लंडचा ख्रिस वोक्स एक हात झोळीत अडकवून मैदानात आला. अशा दृश्यांनी आपले मन भरून येते, आणि त्यामुळेच ती जपून पाहावीत. बदली माणूस न देणाऱ्या नियमाने निर्माण केलेले शौर्य हे त्या नियमाचे समर्थन होऊ शकत नाही. १९६२ साली बार्बाडोसमध्ये नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू बसला आणि त्यांचे प्राण वाचवण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली. डोक्याच्या दुखापतीत शौर्याला वाव ठेवणे हा निव्वळ निर्दयपणा आहे, हे पटायला खेळाला त्यानंतर सत्तावन्न वर्षे लागली.

बदली गड्याला अर्धा अधिकार द्यावा की पूर्ण, या वादात आणखी एक जुनी तरतूद विस्मरणात गेली आहे. १९४७ च्या नियमावलीनुसार बदली क्षेत्ररक्षक कोण असावा याला प्रतिपक्षाच्या कर्णधाराची संमती लागे. अमुक जागी त्याला उभे करू नका, असेही तो सांगू शकत असे. १९८० मध्ये हा हक्क काढून घेण्यात आला. काळाच्या ओघात ते स्वाभाविकच होते. तरीही त्या संमतीत एक नैतिक जाणीव होती. माझ्या माणसाला दुखापत झाली हे माझे दुर्दैव आहे. त्याची भरपाई व्हावी, पण त्यातून माझा नफा होऊ नये, आणि नफा झाला की नाही हे ठरवण्याचा अधिकार मला नसावा. मुले हे न शिकवता जाणतात. गल्लीतल्या डावात एकाला घरून हाक येते, तेव्हा त्याच्या जागी कोण हे त्याचा पक्ष एकटा ठरवीत नाही. समोरचे ओरडतात, ‘तो नको, तो नको!’ आणि तडजोडीने कुणीतरी कच्चा लिंबू ठरतो. जानेवारी १९८७ मध्ये ब्रेबर्न स्टेडियमवरच्या एका प्रदर्शनीय सामन्यात पाकिस्तानचे गडी कमी पडले, तेव्हा तेरा वर्षांचा सचिन तेंडुलकर त्यांच्याकडून क्षेत्ररक्षणाला उभा राहिला होता. प्रतिपक्षाला गडी उसना देण्याइतका मोकळेपणा त्या खेळात तोवर शिल्लक होता.

मला वाटते, योग्य बदली गडी कोण याचे उत्तर मीमांसकांचे अर्धे घ्यावे आणि अर्धे टाकावे. साम्य गेलेल्या माणसाशी पाहावे, उरलेल्या गरजेशी नव्हे, हा अर्धा भाग घ्यावा. पुण्यात साम्य पाहिले गेले ते गरजेशी. दुसरा भाग, व्रते सगळी आणि फळ नाही हा, टाकला पाहिजे. एकदा निवडल्यावर राणाने काय दुबेच्या गतीने चेंडू टाकायचा? त्याने आपल्यापेक्षा कमी असावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. निवडीत खोट असेल तर ती निवडणाऱ्याची. तिचे प्रायश्चित्त निवडलेल्याने आपल्या खेळातून घ्यायचे नसते. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेराला रवींद्र जडेजाच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहलने ३ बळी घेतले आणि सामनावीराचा मान त्यालाच मिळाला. त्या वेळी अनेकांनी नाके मुरडली. नियमाबद्दल त्यांचे म्हणणे ऐकून घेण्याजोगे होते. मानाबद्दल मुळीच नव्हते.

फळाचा हा मुद्दा मैदानापुरता नाही. मुंबईच्या गिरणगावात ‘बदली’ ही माणसाची ओळखच होती. सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या साच्यावर जायचे, न मिळाल्यास परतायचे. एके काळी कोणाला घ्यायचे हे जॉबरच्या मर्जीवर असे आणि मर्जीला दस्तुरी लागे. बदलीचे काम कायम कामगाराच्या कामाहून कणभरही हलके नव्हते. तेच साचे, तीच रुई छातीत जायची. फक्त उद्याची हमी त्याच्या वाट्याला नव्हती. कित्येकांची वर्षेच्या वर्षे अशी गेली. सत्रातल्या आगंतुकाची व्यवस्था कोणी मुद्दाम गिरणीत नेली नव्हती. माणसाला संख्या समजले की ती आपोआपच तेथे पोहोचते.

याच्या उलट एक रीत मी जिथे राहतो त्या भिलाईत पाहायला मिळते. सेक्टर ६ काय किंवा शेजारचे सेक्टर काय, ही सगळी वसाहत पोलाद कारखान्याच्या तीन पाळ्यांवर उठते आणि निजते. येथली पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. भट्टी ही अशी वस्तू आहे की ती माणसाच्या सोयीने थांबत नाही. म्हणून येथे ‘रिलीव्हर’ या शब्दाला वजन आहे. तो आल्याशिवाय पाळी संपलेल्याने जागा सोडायची नाही, आणि तो आला की त्या जागेचा पूर्ण मालक तो. आठ तासांनी हाच दुसऱ्याची वाट पाहणार असतो. जेथे प्रत्येक जण कोणाचा तरी बदली असतो तेथे बदली असण्यात उणेपणा राहत नाही. याच गावाने नावारूपाला आणलेल्या मुलींच्या बास्केटबॉलमध्येही तेच दिसते: मैदानात पाच, बाकावर बाकीच्या, आणि आत-बाहेर जाण्याला मर्यादा नाही. बाकावरून उठणारीला तेथे कोणी आगंतुक म्हणत नाही. अर्थात, तेथे निवडीचा प्रश्न केवळ कौशल्याचा उरतो, नीतीचा राहत नाही. बदल अमर्याद असला की अन्यायालाही जागा सापडत नाही.

मर्यादा आणि दुखापतीची अट एकत्र आल्या की मात्र शंका जन्मते. ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये २०११ ते २०१५ या काळात एक बदली खेळाडू हिरवा अंगरखा घालून बसे आणि त्याला वाट करून देणारा लाल अंगरखा घालून कायमचा बाहेर होई. २०२१ मध्ये ही सोय परत आली ती वैद्यकीय कारणापुरती. डॉक्टरांच्या निर्णयामागे डावपेच तर नाहीत ना, अशी कुजबुज होत राहिली, आणि २०२३ मध्ये ती अटच काढली गेली. दुखण्याचा खोटेपणा थांबवण्याचा हा एक मार्ग: कारण विचारणेच सोडून द्यायचे. प्रामाणिक मार्ग म्हणून तो मला मान्य आहे, फारसा आवडत नाही.

क्रिकेटने दुसरा मार्ग धरला. २०२५ च्या मध्यापासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोक्याच्या दुखापतीसाठीचे संभाव्य बदली खेळाडू सामना सुरू होण्यापूर्वीच जाहीर करावे लागतात: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक वेगवान गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज आणि एक अष्टपैलू. कोण जखमी होणार, कोणत्या क्षणी, सामन्याचे पारडे कुठे झुकलेले असणार, यांतले काहीच ठाऊक नसताना निवड करायची. अज्ञानात केलेली निवड अधिक शुद्ध असते, कारण तिच्यात लोभाला धरायला काही नसते. यानेही सगळे सुटत नाही. पाच नावे कागदावर येतात आणि बहुतेक सामन्यांत त्यांतले एकही पुकारले जात नाही.

फळ कोणाचे, हा प्रश्न तर कोणत्याच नियमावलीने सोडवलेला नाही; सोडवतात ती माणसेच. २००५ साली नॉटिंगहॅमला इंग्लंडकडून बदली क्षेत्ररक्षक म्हणून आलेल्या गॅरी प्रॅट याने ऑस्ट्रेलियाचा कर्णधार रिकी पाँटिंग याला थेट फेकीने धावबाद केले. गोलंदाजांना विसावा देण्यासाठी इंग्लंड ताज्या दमाचे क्षेत्ररक्षक आणते, असा पाँटिंगचा राग होता आणि परतताना तो सर्वांसमक्ष उफाळून आला. प्रॅट पुढे कधीही कसोटी सामना खेळला नाही. मालिका संपल्यावर त्याला एक भेट मिळाली, आणि ती खुद्द पाँटिंगकडून: त्याने स्वाक्षरी करून दिलेले आपले बूट.