सब्र आणि दालचा

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीने सोलापुरात विड्या वळून आम्हा चार भावंडांना शिकवले. हजार विड्या पुऱ्या झाल्याशिवाय ती सुपापुढून उठत नसे. शुक्रवारी मात्र घरात दालचा शिजे. चण्याची डाळ, दुधी, कढीपत्ता आणि पाव किलो हाडे. चिंचेचा कोळ डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायचा, नाहीतर डाळ दडस राहते, असे ती बजावी. नळ्या आमच्या ताटात पडत. ती पातेले भाकरीने पुसून खाई.

परवा धाकट्या बहिणीने सासरहून कृती विचारली. लिहिता लिहिता थांबले. पाणी किती? अम्मीच्या दालच्यात पाणी फार असे. त्या पातळपणालाच आम्ही आजवर 'अम्मीची चव' म्हणत आलो. खरे तर ती तिची अडचण होती.

नातेवाईक आजही म्हणतात, "क्या सब्रवाली औरत थी!" तिच्या हाताचे जेवून जाताना यांतल्या कोणी विचारले नाही की तिच्यासाठी काय उरले. मीही विचारले नाही.

कुरआनात सब्राची शिकवण वारंवार येते. पण संपत्तीत वंचितांचा हक असतो, हेही त्याच कुरआनात आहे. सब्र ज्याचा त्याने करायचा असतो. दुसऱ्याच्या सब्राची तारीफ करून आपल्यावरचा हक फिटतो का?

बहिणीला लिहिले : मटण अर्धा किलो, पाणी बेताचे. आणि वाढण्याआधी स्वतःचे ताट काढून ठेव.