एअरबॅगच्या झाकणावरचा गणपती

नवी गाडी घेतली की चाकांखाली लिंबे, बॉनेटवर स्वस्तिक, काचेवर हार. त्यात फारसे काही बिघडत नाही. लिंबे तेवढी फुकट जातात. मग पितळेची गणेशमूर्ती डिंकपट्टीने डॅशबोर्डावर डाव्या बाजूला, एअरबॅगच्या झाकणावरच चिकटवली जाते, आणि इथे बिघडते. धडक बसताच पापणी लवायच्या आत ती पिशवी झाकण फाडून फुगते. विघ्नहर्ता म्हणून बसवलेली मूर्ती समोरच्याच्या तोंडावर फेकली जाते.

‘गाडीला सहा एअरबॅग आहेत, पट्टा कशाला?’ हे सुशिक्षितही विचारतात. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर थांबते, आतला माणूस थांबत नाही. त्याचा वेग तिसऱ्या मजल्यावरून जमिनीवर पडणाऱ्या माणसाइतका असतो. पट्टा त्याला सीटशी धरून ठेवतो, धक्का कंबरेच्या व खांद्याच्या हाडांवर घेतो. आधुनिक पट्टा क्षणात ढिलाई ओढून घेतो आणि छातीवर ताण वाढला की जरासा सैलही सुटतो. एअरबॅग उरलेले काम करते: डोके झेलते आणि भोकांतून वायू सोडत मऊ पडते. पट्टा नसलेला माणूस मात्र पिशवी फुगत असतानाच तिच्यावर जाऊन आदळतो. रक्षणासाठी बसवलेली वस्तूच मग त्याला इजा करते.

मागच्या सीटबद्दल तर आपण बोलतच नाही. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. मिस्त्रींसह मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. ते दोघे गेले, पुढचे दोघे गंभीर जखमी होऊन वाचले. देशभर हळहळ झाली. मागच्या सीटलाही पट्टा बंधनकारक आहे, न लावल्यास हजार रुपये दंड आहे. तरी मागचे पट्टे आजही सीटकव्हरखाली दडपलेले दिसतात. पट्ट्याचा भोंगा बंद करणाऱ्या खोट्या क्लिपा तर इतक्या खपल्या की 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या ऑनलाइन दुकानांतून काढायला लावाव्या लागल्या. पैसे मोजून स्वतःला फसवणारा असा ग्राहक दुसरीकडे शोधूनही सापडणार नाही.

‘नशिबात असेल ते होईल,’ म्हणणाऱ्याला एकच विचारावे: मग लिंबू कशाला ठेवलेस? ‘माझा जीव, माझी मर्जी’ हेही टिकत नाही. मागचा मोकळा माणूस धडकेत पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो. मांडीवरचे दहा किलोचे बाळ त्या क्षणी शंभर किलोहून जड होते. कोणत्याही आईचे हात तेवढे धरू शकत नाहीत.

साहेब मागे ऐसपैस बसतात, ड्रायव्हर दंडाच्या भीतीने पट्टा लावतो. धडकेत साहेबांचा सगळा भार त्याच्या पाठीवर येणार, पण ‘साहेब, पट्टा’ म्हणायची त्याची छाती होत नाही. ते त्याला विनासंकोच म्हणता येईल, हे साहेबांनीच नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगायला हवे.