काय खावे आणि कोणाबरोबर खावे?

(वाचन : रोमकरांस पत्र, अध्याय 14, गलतीकरांस पत्र 2:11-14)

बेळगावच्या उद्यमबागेत दुपारी एकच्या सुमारास लेथ आणि फौंड्र्यांचा आवाज थोडा उतरतो व रस्त्याकडेच्या गाड्यांभोवती माणसे जमू लागतात. अशाच एका गाड्यावर आम्ही चौघे अधूनमधून जेवतो. तेथे जोंधळ्याची भाकरी, झुणका, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि खरडा एवढेच मिळते. मांस नाही, अंडे नाही. दूध, दही, तूपही नाही. गाडा चालवणाऱ्या मावशींनी हे काही तत्त्व म्हणून ठरवलेले नाही. दूधदुभते उन्हात टिकत नाही आणि परवडतही नाही, एवढेच त्यांचे कारण.

आम्ही चौघेही शाकाहारी, पण चौघांची कारणे निराळी. एक लिंगायत आहेत. त्यांच्या घरचा तसा आचार आहे. दुसरे जैन, जीवहत्या नको हा त्यांचा धर्म. तिसरे आमच्याच मंडळीतले तरुण बंधू. म्हैस व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि झालेला रेडा असेल तर तो कोणाला नको असतो, हे गोठ्यावर पाहिल्यापासून त्यांनी दूधही सोडले. अशा लोकांना हल्ली वीगन म्हणतात. इंग्लंडात 1944 साली त्यांची संस्था निघाली आणि हे नावही तेव्हाचेच. आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी मुक्या प्राण्यांच्या दयेपोटी मांसाहार सोडला.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही बाकावर जेवत असता एका फौंड्रीतला कामगार मुलगा आला. मावशींकडून दोन भाकऱ्या घेऊन तो बाकाच्या टोकाला बसला आणि त्याने आपला डबा उघडला. डब्यात सुकट होती. वास आला. तेव्हा कोणी तरी म्हणाले, “अरे, येथे शाकाहारी माणसे जेवतात, दिसत नाही का?”

वाचकहो, हे शब्द लिंगायत मित्राचे नव्हते, जैन मित्राचेही नव्हते. ते आमच्याच तोंडून निघाले.

मुलाने डब्याचे झाकण लावले आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीशी जाऊन तो उभ्याने खाऊ लागला. मावशी म्हणाल्या, “दमून आल्यालं पोरगं हाय, बसू दे की वो!” पण तोवर तो उठून गेला होता. मग आमचे जैन मित्र आपली ताटली उचलून त्याच्याजवळ गेले आणि बोलत बोलत तेथेच जेवले. त्यांनी सुकटीला हात लावला नाही. त्यांचा नेम तसाच राहिला आणि त्या मुलाला सोबतही मिळाली. प्रभुभोजनाच्या मेजाशी वर्षानुवर्षे बसणारे आम्ही मात्र बाकावरच होतो.

त्या रात्री आम्हांला अंत्युखिया येथला पेत्र आठवला. तो तेथे परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून काही लोक येताच तो भिऊन वेगळा राहू लागला. त्याचे पाहून बर्णबासारखा भला मनुष्यही ओढला गेला. पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष दोष लावला. पेत्र काय खातो व काय टाळतो, यासाठी नव्हे. तो बंधूंच्या पंगतीतून उठला, यासाठी.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडले आहे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळी व्याख्यानाला गेली. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. ही गोष्ट वर्तमानपत्रात छापली गेली आणि केवढे वादळ उठले! प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. त्या कपात मांस नव्हते. दोष चहात नव्हताच. तो कोणाच्या घरचा, एवढाच प्रश्न होता. ना. वा. टिळकांचा 1895 साली बाप्तिस्मा झाल्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, तेव्हा त्याही आपले सोवळे वेगळे सांभाळीत. ते कसे गळून पडले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये मोकळेपणाने सांगितले आहे. 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मग शाकाहार सोडावा काय? मुळीच नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मनुष्याला अन्न म्हणून वनस्पती व फळे दिली आहेत. मांसाची परवानगी जलप्रलयानंतरची आहे. दानीएलाने बाबेलात शाकभाजीच मागितली. इंग्लंडात सॅलफर्ड येथे 1809 साली विल्यम काउहर्ड यांनी मांस वर्ज्य करणारी एक ख्रिस्ती मंडळीच स्थापली होती. 1924 च्या डिसेंबरात गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बेळगावी आले. ते अधिवेशन उद्यमबागेजवळच्या टिळकवाडीत भरले होते. त्यांनी 1912 सालीच दूध वर्ज्य केले होते. पुढे आजारपणात शेळीचे दूध घेतले, तेव्हा आपण व्रताची अक्षरे पाळली पण आत्मा गमावला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. दयेपोटी घेतलेले व्रत माणसाला असे नम्र करते. आमच्या व्रताने आम्हांला ताठ केले, म्हणून आम्हांला त्याची शंका आली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या या तरुण बंधूंना नाताळच्या जेवणात आपलीच माणसे विचारतात, “काय हो, परत हिंदू झालात काय?” मटणाच्या रश्श्याशिवाय सण नाही, अशी काहींची समजूत आहे. तीही पेत्राचीच चूक. रोमकरांस लिहिताना पौल दोघांनाही आवरतो : खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, कारण देवाने दोघांचाही स्वीकार केला आहे. शिवाय आपल्या खाण्याने बंधूला अडखळण होणार असेल, तर मांस कधीच न खाण्याची त्याची तयारी होती.

म्हणून मंडळीच्या प्रीतिभोजनात शाकाहारी भांडे वेगळे असावे, त्याची पळीही वेगळी असावी. पंगत मात्र एकच असावी. खर्च फारसा नाही. एखाद्याचा नेम सांभाळणे आणि त्याला शेजारी बसवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात, हे आमच्या जैन मित्राने आम्हांला करून दाखवले.

तो मुलगा त्या गाड्यावर आम्हांला पुन्हा दिसला नाही. क्षमा मागायची राहून गेली आहे. आमच्या शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. गलतीकरांसचा हा धडा शिकवाल, तेव्हा मुलांना आणि स्वतःलाही एवढेच विचारा : या आठवड्यात आपण जेवत असताना आपल्या शेजारून कोण उठून गेले, आणि त्याच्यामागून आपण गेलो काय?