मागच्या जन्मीचं तेल

सोलापुरात टॉवेलच्या कडा शिवते मी. शेजारचे अण्णा मागावर. ९ ऑगस्ट २०२५ला, नारळी पौर्णिमेला, त्यांनी मार्कंडेय महामुनींचा रथ ओढला. तोवर कारखाना एका पाळीवर आला होता. ७ तारखेला अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं, २७ला ते ५० झालं. तिकडचा व्यापारी म्हणाला, तूर्त माल धाडू नका. मग आम्हाला सांगितलं, ‘बोलावू तेव्हा या.’ कामावरून काढलं कुणालाच नाही. बोलावणंच आलं नाही.

अण्णा म्हणाले, “तलराता आहे ताई, कपाळी लिहिलेलं. मागच्या जन्मीचं फेडायचंय.”

माणूस सरळ, म्हणून वाद घातला नाही. पण मला ते पटत नाही. वाढीव २५ टक्के भारत रशियाचं तेल घेतो म्हणून होते. मी जन्मात घेतलं ते रेशनचं रॉकेल. ज्याचं कर्म त्यालाच फळ, असा कर्माचा नियम सांगतात ना? इथे सही वॉशिंग्टनमध्ये, तेल कुणी तिसऱ्यानेच घेतलेलं आणि चूल विझली अण्णांची. हिशेब जुळत नाही, म्हणून मधे मागचा जन्म घालायचा!

सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना हेच विचारलं होतं: सगळं सुखदुःख पूर्वकर्मानेच येतं का? संयुत्तनिकायात उत्तर आहे. पित्त, कफ, वात, ऋतुपालट, बाहेरून झालेला आघात यांनीही दुःख येतं. सगळं पूर्वकर्मावर घालणारे चुकतात. बाबासाहेब तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये आणखी पुढे जातात. गरिबाची दशा पूर्वजन्मावर ढकलली की समाज आणि सरकार दोघंही जबाबदारीतून सुटतात, असं त्यांचं म्हणणं. मला ते कारखान्याच्या दारात उभं राहून कळलं. मालकही ‘नशीब’च म्हणाले, त्यांची मागणी तुटली हे खरं, पण त्यांच्या नशिबात घरभाडं थकणं नव्हतं.

अशा तात्पुरत्या कामबंदीत, म्हणजे ले-ऑफमध्ये, अर्ध्या पगाराची भरपाई देणारा कायदा आहे. पण तो ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला. आम्ही वीस-बावीस. ही ५०ची रेघ कुठल्या ब्रह्मदेवाने कपाळावर ओढलेली नाही, संसदेने ओढली आहे. ती संसदेनेच पुसावी, आणि अण्णांनीही त्या मागणीच्या अर्जावर माझ्यासोबत सही करावी.