मिथ्याचार आणि गृहस्थ

जबलपूरपासून सुमारे २० किलोमीटरवर, नर्मदातीरी भेडाघाट येथे, दहाव्या शतकातील चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. वर्तुळाकार ओवरीत चोहोंकडे योगिनी आणि मधल्या मंदिरात एकाच नंदीवर बसलेले गौरी-शंकर. येथे सपत्नीक दर्शनास येणाऱ्या प्रौढ गृहस्थाने क्षणभर आत्मपरीक्षण करावे. चाळिशी उलटली आहे, मुले हाताशी आली आहेत, लौकिक निष्कलंक आहे. शेजारी पत्नी हात जोडून उभी आहे. मन मात्र दुसऱ्याच स्त्रीच्या चिंतनात गुंतले आहे. ‘मी प्रत्यक्ष काहीच केलेले नाही’ अशी तो स्वतःची समजूत घालतो.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायाचा सहावा श्लोक ही समजूत टिकू देत नाही. कर्मेंद्रिये आवरून मनाने विषय आठवीत बसणाऱ्यास भगवंत ‘मिथ्याचार’ म्हणतात. ज्याचा आचारच खोटा, तो मिथ्याचार. त्याच्या पत्नीस संसार लाभतो, सहचर लाभत नाही.

महाभारताच्या आदिपर्वात ययातीने देवयानीपासून चोरून शर्मिष्ठेशी संबंध ठेवला. पुढे देवयानीने वनात खेळणाऱ्या तीन बालकांना त्यांच्या पित्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी राजाकडेच बोट दाखविले व ती त्याच्याजवळ गेली. देवयानीदेखत त्यांना जवळ घेण्याचे धैर्य राजास झाले नाही. मुले रडत परतली. शुक्राचार्यांच्या शापाने जरा आली ती नंतर. खरा दंड त्या क्षणीच झाला होता. पुढे पुरूचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग भोगले, तरी तृप्ती झाली नाही. तात्पर्य, वासना लपविल्याने मरत नाही आणि पुरविल्यानेही शमत नाही.

मग उपाय कोणता? वासना उठली एवढ्याने कोणी पतित होत नाही. धर्माला अविरुद्ध असा काम भगवंतांनी सातव्या अध्यायात आपलेच रूप म्हणून सांगितला आहे. दुसऱ्या अध्यायात नाशाची परंपरा विषयचिंतनापासून सुरू होते. म्हणून ती पहिली कडीच तोडावी. ज्या भेटीची, ज्या पत्राची मन वाट पाहते, ते आजच थांबवावे. जिच्याशी वर्षानुवर्षे वाणसामान व मुलांच्या फीपलीकडे बोलणे झाले नाही, तिच्याजवळ दोन घटका बसावे, तिचे ऐकावे. मन पुन्हा पळेल. सहाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे तितक्या वेळा त्यास वळवून आणावे.

‘गृहस्थ’ म्हणजे घरात राहणारा. देहाने तर सर्वच राहतात. मनानेही जो घरी असतो, तोच खरा गृहस्थ. परिघावर रूपे अनेक असतात. केंद्र एकच असावे.