स्वामित्व आणि विचारणा

शेअर बाजारात नोंदलेल्या, पण एका कुटुंबाच्या नियंत्रणात असलेल्या कंपनीचे समभाग ज्याच्याकडे आहेत, त्याला त्या कंपनीचा मालक कोणत्या अर्थाने म्हणावे, हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसतो. परंतु त्याच्या तळाशी धर्मशास्त्राने आणि मीमांसेने शतकानुशतके चर्चिलेला स्वत्वाचा, म्हणजे वस्तू 'स्वतःची' असण्याचा, प्रश्न आहे. या प्रश्नाचा विचार मुंबईच्या दलाल स्ट्रीटवर बसून जसा करता येतो तसाच गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातूनही करता येतो, आणि तेथून तो अधिक स्पष्ट दिसतो. कारण या तालुक्याच्या जंगलातील बांबू काही दशके एका कुटुंबाच्या कंपनीचा कच्चा माल होता, आणि याच तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने पुढे सामूहिक मालकीची अशी रीत स्वीकारली की जिच्याशेजारी ठेवल्यावर समभागाचे खरे रूप उघडे पडते.

करमचंद थापर यांनी १९४५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात वर्धा नदीकाठी सुरू केलेली 'बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स' ही कंपनी १९७५ मध्ये 'बल्लारपूर इंडस्ट्रीज' झाली. तिचे समभाग बाजारात खुले होते, तिचे नियंत्रण थापर कुटुंबाकडे होते, आणि तिचा बांबू शासनाने दिलेल्या दीर्घ मुदतीच्या करारांमुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतून येत होता. या व्यवहारात चार पक्ष होते: जंगलाचा मालक म्हणवणारे शासन, कंपनी चालवणारे कुटुंब, लाभांशाची वाट पाहणारे दूरदूरचे भागधारक, आणि जंगलात राहणारी माणसे. पहिल्या तिघांचे हक्क कुठे ना कुठे लिहिलेले होते. चौथ्याचे हक्क बव्हंशी निस्तार, म्हणजे घरगुती गरजेपुरता जंगल वापरण्याची परंपरागत मुभा, एवढ्यापुरते उरले होते. आणि म्हणूनच मेंढ्याने आपल्या शिवारातील बांबू कारखान्याला देण्यास विरोध केला, तेव्हा तो भावाविषयीचा वाद नव्हता. हा बांबू कोणाचा, आणि तो देताना कोणाला विचारायला हवे होते, हा तो वाद होता.

नेमका हाच प्रश्न पूर्वमीमांसेत एका यज्ञाच्या निमित्ताने आला आहे. विश्वजित् यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावे असे विधान आहे. तेव्हा 'सर्वस्व' म्हणजे काय काय, हे ठरवणे भाग पडते. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात आणि त्यावरील शबरस्वामींच्या भाष्यात असा निर्णय आहे की माणसाला आईवडील देता येत नाहीत, कारण ते 'आपले' असले तरी त्यांच्यावर त्याचे स्वामित्व नाही. आणि सार्वभौम राजालाही पृथ्वी देता येत नाही, कारण ती सर्वांना सारखीच आहे. माणसे शेतांची धनी असलेली दिसतात, संपूर्ण पृथ्वीचा धनी कोणी दिसत नाही. राजाला जे मिळते ते रक्षणाच्या बदल्यातील वाटा म्हणून मिळते. यज्ञकर्मातील एक तांत्रिक शंका सोडवताना या विचारवंतांनी राज्यसत्तेच्या स्वामित्वाला घातलेली मर्यादा फार मोलाची आहे. जो रक्षणासाठी नेमलेला आहे त्याला रक्षणाची वस्तू देऊन टाकता येत नाही, हे तत्त्व मान्य केले तर डोंगर आणि जंगल भाडेपट्ट्याने देणाऱ्या आधुनिक राज्यालाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरे सूत्र कुटुंबाच्या बाजूने येते. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि तीत जन्मस्वत्वाचा सिद्धांत मांडला: वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, जन्मतःच निर्माण होतो. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या 'दायभागा'ने याच्या उलट मत घेतले. मिताक्षरेच्या व्यवस्थेत मालमत्तेचा कारभार कर्त्याकडे, म्हणजे कुटुंबप्रमुखाकडे असतो, परंतु तो एकटा मालक नसतो; स्थावर मालमत्ता त्याने एकट्याने विकावी ती आपत्तीत, कुटुंबाच्या निर्वाहासाठी किंवा धर्मकार्यासाठी. जे जन्मले आहेत, जे गर्भात आहेत आणि जे अजून जन्मायचे आहेत त्या सर्वांना उपजीविका लागणार, म्हणून स्थावराचे दान-विक्रय सर्वांच्या संमतीवाचून होऊ नये, हा विचार या टीकेत स्पष्ट आहे. न जन्मलेल्या माणसालाही या विचाराने हिशेबात धरले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या आजच्या अभ्यासकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी अशी आहे. अर्थात मुलींना या जन्मसिद्ध हक्कातून वगळण्यात आले होते आणि तो अन्याय महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने दूर व्हावा लागला, हेही विसरता येत नाही.

आता कुटुंबाच्या नियंत्रणातील नोंदणीकृत कंपनीकडे पाहिले तर तेथे प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभी करणारा वा तिच्यावर ताबा ठेवणारा माणूस किंवा गट, कर्त्याच्या जागी बसलेला दिसतो. मात्र कर्त्याच्या गळ्यात असलेली बंधने त्याच्यावर त्या रूपात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये बचा गुजदार खटल्यात सांगितले की भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नसतो. लाभांश जाहीर झाला तर त्यात, कंपनी गुंडाळली गेली तर उरलेल्या मालमत्तेत वाटा मिळण्याचा आणि मत देण्याचा हक्क एवढेच त्याचे असते. साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी आणि विशेष ठराव तीन चतुर्थांश मतांनी संमत होतो, आणि मत माणसाला नसून समभागाला असते. नोंदणीकृत कंपनीत किमान २५ टक्के समभाग जनतेकडे असावेत असा नियम आहे. याचा अर्थ असा की प्रवर्तक कुटुंब ७५ टक्क्यांपर्यंत समभाग ठेवू शकते आणि तसे केल्यास बहुतेक कोणताही ठराव त्याला एकट्याला संमत करून घेता येतो. आपल्याच नातेसंबंधातील संस्थांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांच्या ठरावावर संबंधितांची मते मोजली जात नाहीत, कुटुंबातील ज्या करारांचा कंपनीवर परिणाम होतो ते जाहीर करावेत असा नियम सेबीने २०२३ मध्ये केला, आणि अल्पसंख्य भागधारकांना कंपनी कायद्याच्या कलम २४१ खाली अन्यायाविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. हे सर्व खरे आणि आवश्यक आहे. किर्लोस्कर समूहातील २००९ च्या कौटुंबिक करारावरून भावाभावांत झालेल्या न्यायालयीन वादाने हे दाखवले आहे की अशा करारांचे धागे घरात सुरू होतात आणि त्यांचे दुसरे टोक अनोळखी भागधारकाच्या हाती असते.

तरीही मूळ रचना बदलत नाही. कर्त्याच्या जुन्या संकल्पनेत फळाचा उपभोग, कारभार आणि उत्तरदायित्व या तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. समभागाने त्या सुट्या केल्या: उपभोग हजारोंत वाटला, कारभार कुटुंबाकडे राहिला, आणि उत्तरदायित्व मर्यादित झाले, कारण भागधारकाचे नुकसान त्याने घातलेल्या रकमेपलीकडे जात नाही. या मर्यादित दायित्वामुळेच मोठे उद्योग उभे राहू शकले आणि सामान्य माणसाची बचत कारखान्यांपर्यंत पोहोचली, हे मान्य केल्याशिवाय टीका प्रामाणिक होत नाही. परंतु सुटे झालेले उत्तरदायित्व नाहीसे होत नाही, ते कोणावर तरी येऊन पडते. बल्लारपूर इंडस्ट्रीजची दिवाळखोरी प्रक्रिया जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये नवी योजना मंजूर होऊन कंपनी दुसऱ्या हाती गेली; दिवाळखोरी कायद्याच्या क्रमात भागधारक सर्वांत शेवटी उभा असतो, त्यामुळे जुन्या भागधारकांच्या पदरी काही उरले नाही. त्यांचे दुःख खरे आहे. पण त्यांना निदान त्या क्रमात एक जागा होती. बांबू गेलेल्या जंगलाला त्या क्रमात कोणतीच जागा नव्हती.

मेंढ्याने याच्या नेमकी उलट दिशा घेतली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली, आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले. पुढे २०१३ मध्ये गावाने १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली शेतजमिनीची मालकीही ग्रामसभेकडे सोपवण्याचा निर्णय घेतला. विनोबांच्या सुलभ ग्रामदानात शेतकरी जमीन कसत राहतो, ती वारसाने मुलांकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना जातो, उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषाला दिला जातो. सोडायची असते ती गावाबाहेर विकण्याची मोकळीक. गावातील देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ या दोन्हींमुळे गावात अभ्यास गटांची आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय आधीच रुजलेली होती. सर्वसहमती म्हणजे एकाचा विरोध असला तरी त्याला समजावून घेईपर्यंत निर्णय थांबवणे.

या दोन रचनांतील भेद चांगल्या-वाईटाचा नाही, तो मोकळीक कुठे ठेवली याचा आहे. समभागात मोकळीक बाहेर पडण्याची असते: कारभार पटला नाही तर भागधारक समभाग विकून निघून जातो. ग्रामदानात मोकळीक बोलण्याची असते: विकून जाता येत नाही, पण ज्याला विचारावेच लागते असा प्रत्येकजण असतो. ग्रामदानाची अडचणही येथेच आहे. शिकून नागपूरला स्थिरावू पाहणाऱ्या तरुणाच्या हाती विकता येणारे काही राहत नाही, आणि सर्वसहमतीच्या ओझ्याखाली एकट्या विरोधकाचे मौन संमती म्हणून मोजले जाण्याचा धोका असतो. तरी जे जंगल स्वतः कुठेही निघून जाऊ शकत नाही, त्याच्या मालकीची व्यवस्था ठरवताना निघून जाण्याच्या मोकळिकीपेक्षा विचारले जाण्याच्या हक्काला अधिक वजन द्यावे लागेल, एवढे या तुलनेतून निश्चितपणे म्हणता येते.

निघून जाणे हे सुद्धा नैतिक कृत्य असू शकते का, याचे उदाहरण ओडिशातील नियमगिरी डोंगरावरील प्रस्तावित खाणीच्या निमित्ताने घडले. ही खाण काढू पाहणाऱ्या, अनिल अग्रवाल यांच्या कुटुंबाच्या नियंत्रणातील आणि तेव्हा लंडनच्या बाजारात नोंदलेल्या वेदांत कंपनीचे आपले समभाग चर्च ऑफ इंग्लंडने २०१० मध्ये नैतिक कारणावरून विकले. एका धर्मसंस्थेने फायद्याला नकार दिला, हे आदरास पात्र आहे. मात्र विकलेला समभाग दुसऱ्या कोणीतरी विकत घेतला, आणि डोंगर होता तेथेच राहिला. डोंगराचे भवितव्य बदलले ते सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी तेथील डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवल्यावर. तेथील बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

धानोऱ्याच्या दक्षिणेस एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तेथे दर जानेवारीत माडिया गोंडांची ठाकूरदेवाची यात्रा भरते. तेथील लोहखनिजासाठी २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा लॉईड्स मेटल्स या कंपनीला मिळाला. १ जानेवारी २०२५ रोजी चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कंपनीतील स्थानिक कामगारांना कंपनीचे समभाग देण्यात आले. ज्या भागात चार दशके बंदुकीची दहशत होती तेथील माणसाच्या हाती उत्पन्न आणि संपत्ती येणे, याची किंमत कमी लेखणे हे दूर बसलेल्याचे पाप ठरेल. गांधींनी मान्य केलेल्या विश्वस्तपणाच्या मसुद्यात, ज्याचे मूळ लेखन प्रा. दांतवाला यांचे होते, जगण्यापुरते किमान वेतन ठरवले जावे ही अपेक्षा होतीच. पण त्या मसुद्यात मालकीचा हक्क समाज मान्य करील तेवढाच आणि उत्पादन समाजाच्या गरजेनुसार, हेही होते, आणि तो भाग समभागांच्या वाटपाने पूर्ण होत नाही.

या जिल्ह्यात असा माणूस असू शकतो जो कंपनीत भागधारक आहे आणि गावात ग्रामसभेचा सदस्य आहे. पहिल्या सभेत प्रवर्तकांच्या समभागांशेजारी त्याच्या मताचे वजन नगण्य असेल. दुसऱ्या सभेत त्याचे मत कोणाही इतके पूर्ण असेल. त्याच्या समभागाचा भाव ज्या डोंगरातून वाढतो तोच डोंगर त्याच्या ठाकूरदेवाचा आहे, आणि दोन्ही ठिकाणी तो स्वामी आहे असे त्याला सांगितले जाते. कंपनीचा वार्षिक अहवाल मागण्याचा, वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याचा कायदेशीर हक्क त्याला एका समभागानेही मिळतो. मेंढ्याच्या अभ्यास गटांनी वनहक्क कायदा कलमागणिक वाचून घेतला, तसा तो अहवाल मराठीत आणि माडियात वाचून घेणारे गट कोनसरी आणि सुरजागडच्या गावांत उभे राहू शकतात. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.