पुढे पाठविण्यापूर्वी
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी, मुले पळविणारी टोळी आली आहे या मोबाईलवरून पसरलेल्या खोट्या वार्तेवरून, जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने, भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन जाहीर केले. यंत्राची घडण अशी सुधारणे योग्यच होय. कारण जेथे शहानिशा करण्यापेक्षा पुढे पाठविणे सोपे, तेथे द्वेष वेगाने धावतो. तथापि पेण-रोह्याच्या एखाद्या वाडीतील शेजाऱ्याच्या जातीची वा व्यंगाची थट्टा त्याचे काळीज चिरण्यास पाच ठिकाणी जावी लागत नाही. एकच पुरे होते. तेथे यंत्राचे बंधन आम्हांस आवरीत नाही. म्हणून पाठविण्यापूर्वी आम्ही स्वतःस विचारावे : ज्याची ही थट्टा आहे, त्याच्यासमोर बसून ती आम्हांस वाचून दाखविता येईल काय?